बाबा, एजंट मिळाली

मँचेस्टर,
रविवार

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, माझ्या कादंबरीला एजंट मिळाली हे परवा फोनवर सांगितलं, तर तुम्ही एवढंच विचारलंत, "ही बाई कापणार किती आणि कशाचे?" लाइन सारखी तुटत होती. तुमचं समाधान झालं नाही हे आवाजावरून कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे लेखक बाड काखेत मारून थेट प्रकाशकाच्या कचेरीत जातो. इथले मोठे प्रकाशक नवख्याचं बाड असं थेट घेत नाहीत. मध्ये एजंट लागतो. तुम्ही हळद यार्डात उतरवता, अडत्या सौदा लावतो, पट्टी करतो आणि आपली अडत घेतो. हे काम बरंचसं तसंच. मात्र इथला एजंट आधी माल स्वतः पारखतो आणि बहुतेकांना परत पाठवतो. ज्याला हो म्हणतो त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने बसून कादंबरी नीट करून घेतो, कुठल्या संपादकाला काय आवडतं ते ओळखून त्यांच्याकडे पाठवतो, भाव ठरवतो आणि करारातलं कलम न्‌ कलम तपासतो.

आता पैशांचं. ब्रिटनमधल्या विक्रीतून मला जे मिळेल त्याचे 15 टक्के, परदेशातल्या आणि भाषांतराच्या हक्कांतून मिळेल त्याचे 20 टक्के, शिवाय त्या कमिशनवर व्हॅट हा कर. हे सगळं पुस्तक विकलं गेलं तरच. तोपर्यंत माझ्या खिशातून एक पेनीही जायची नाही. ही रीत जुनी आहे. लंडनमध्ये 1875 च्या सुमारास ए. पी. वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा ते 10 टक्के घेत.

वाचायचे पैसे मागणारेही भेटतात. मला एकाने तशी फी मागितली होती. मी दिली नाही. खरा एजंट वाचण्याचे पैसे मागत नाही हा इथला सर्वमान्य दंडक आहे, त्यामुळे तिथेच तो पत्रव्यवहार संपवला. आई, तुझ्या मनात हीच धास्ती होती ना?

शोध सुरू केला तो सेंट पीटर्स स्क्वेअरमधल्या गोल इमारतीच्या सेंट्रल लायब्ररीत. तिथे 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक' नावाचा जाडजूड ग्रंथ मिळतो. 1906 पासून निघतोय. कोणता एजंट कसलं लेखन घेतो ते त्यात असतं. पण मला जास्त उपयोग झाला तो कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानांचा. लेखक तिथे आपल्या एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. मला मनापासून आवडलेल्या प्रत्येक कादंबरीचं ते पान उघडलं आणि वहीत नावं उतरवत गेले. माझी यादी खरी अशी तयार झाली.

पाठवायचं काय, तर एक पानाचं पत्र, कथेचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. प्रत्येकाचा नियम थोडा वेगळा; कुणी पन्नास पानं मागतं, कुणी दहा हजार शब्द. यात सारांशाने माझा घाम काढला. त्यात शेवटही सांगून टाकायचा असतो. पूर, सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं, आजीचा हट्ट, सगळं एका पानात बसवायचं! रात्रपाळीहून आले की तेवढं एकच पान घेऊन बसायचे.

पाठवल्यावर वाट बघणं. उत्तर यायला सहा आठवडे, बारा आठवडे, कधी उत्तर येतच नाही आणि तोच नकार समजायचा. बरीच उत्तरं छापील. मग एकीने आजीच्या पात्राबद्दल मुद्दाम दोन ओळी लिहिल्या. नकारच होता, पण त्या ओळींनी मला पुढे ढकललं. काही आठवड्यांनी दोघांनी पूर्ण बाड मागवलं, आणि दोघांनीही होकार दिला.

त्यातला एक मोठ्या नावाचा. 2005 चा पूर पहिल्याच पानावर आणा आणि आजी कमी करा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या या बाई. त्यांनी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला, "तिसऱ्या प्रकरणात तो माणूस हळद काढायला पेवात उतरतो, तेव्हा आत श्वास कसा घेतो?" हरिपूर नकाशावर कुठे आहे हेही ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी त्या अंधारात माझ्या माणसाबरोबर उतरून पाहिलं होतं. मी त्यांनाच हो म्हटलं, आणि हा निर्णय अगदी बरोबर आहे असं मला वाटतं. आजीशिवाय ती कादंबरी माझी राहिलीच नसती.

करार वकिलाला दाखवला का, असं तुम्ही विचारणारच. इथे 'सोसायटी ऑफ ऑथर्स' ही 1884 पासूनची लेखकांची संघटना आहे; ती सभासदांचे करार तपासून देते. त्यांच्याकडून तपासून घेतला. आम्हा दोघींपैकी कुणालाही नोटीस देऊन मोकळं होता येतं. आणि एक ओळ मी आग्रहाने घालून घेतली, की मराठी हक्क मला विचारल्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत. इंग्रजीत लिहिली असली तरी माणसं आपली आहेत. मराठीत ती नीट हातांत पडली पाहिजेत.

पुस्तक अजून विकलेलं नाही, त्यामुळे सध्या घराबाहेर सांगू नका. आधी दुरुस्त्या, मग त्या प्रकाशकांकडे पाठवणार. कुणी घेतलं तरी आगाऊ रक्कम एकदम येत नाही. सही झाल्यावर थोडी, अंतिम बाड दिल्यावर थोडी, पुस्तक निघाल्यावर थोडी.

आता तुमच्याकडे काम. हरिपूरच्या काकांना विचाराल का, की पेव उघडल्यावर माणूस आत सोडायच्या आधी किती वेळ थांबायचे? आत कंदील सोडून बघायचे म्हणतात, तो कशाला बांधून सोडायचे? उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असे का, आणि वर किती माणसं लागत? पुराचं पाणी पेवांत शिरलं तेव्हा आतल्या हळदीचं पुढे काय केलं, तेही. काका बोलत असतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांची भाषा सुधारू नका.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं.

तुमची,
ताई