जुन्या वस्तूंच्या घरगुती व्यवसायाविषयी मैत्रिणीस पत्र

इंदिरानगर, नाशिक

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर जळगावला घरी बसून न राहता जुन्या वस्तू ऑनलाइन विकण्याचा व्यवसाय सुरू करावा असे तुझ्या मनात आले आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. जाहिरात कोठे द्यावी, फोटो कसे काढावेत, पार्सल कसे पाठवावे असे तू विचारले आहेस. ते सर्व सांगतेच. पण या व्यवसायातला नफा आणि मान हे दोन्ही खरेदीच्या वेळीच ठरतात, आणि खरेदी म्हणजे कोणाच्या तरी घरात जाऊन, त्या घरच्या माणसांसमोर बसून केलेला व्यवहार असतो. म्हणून आरंभ तेथूनच करते.

माझा बराचसा माल जुन्या नाशकातून आणि पंचवटीतून येतो. तिथले वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत, कुटुंबे गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याकडे फ्लॅटमध्ये राहायला जात आहेत, आणि माजघरात व माळ्यावर दोन-तीन पिढ्या राहिलेल्या घागरी, घंगाळी, पराती आणि पाणी तापवायचे बंब नव्या स्वयंपाकघरात कोठे ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. अशा वेळी घरचे लोक पहिल्यांदा भांडी बाजाराचा विचार करतात. तेथे जुने भांडे मोडीत घातले, तर वजनावर दर मिळतो. झाळकाम, मळ आणि लोखंडी कडी यांच्यासाठी घट धरली जाते आणि उरलेल्या वजनाचे पैसे हातात पडतात. हा मोडीचा दर तुला दर आठवड्याला ठाऊक असला पाहिजे, कारण पितळ आणि तांबे यांच्या व्यवहारात तोच तळ असतो. लाकूड, कापड किंवा विजेच्या उपकरणांना असा तळ नसतो. ती विकली गेली नाहीत, तर त्यांची किंमत शून्याकडे जात राहते. म्हणूनच नवख्या माणसाने धातूच्या भांड्यांपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

कोणाच्या घरी गेल्यावर मी सर्वांत आधी आजचा मोडीचा दर सांगते, भांडे त्यांच्यासमोर तोलते आणि बाजारात अंदाजे किती रुपये येतील याचा हिशेब कागदावर मांडून देते. त्यानंतर मी माझा भाव सांगते, आणि तो मोडीपेक्षा जास्त असतो, कारण मी ते भांडे वितळवण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी विकणार असते. यात माझा नफा कमी होतो असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी एकदा माझ्याशी व्यवहार केला त्यांनी आपल्या जावांना, नणंदांना आणि शेजाऱ्यांना माझे नाव सांगितले आहे, आणि मला मालासाठी दारोदार फिरावे लागत नाही ते याच कारणाने.

याहूनही महत्त्वाची गोष्ट मला तुला कळकळीने सांगायची आहे. भांडी विकण्याचा निर्णय बहुतेक वेळा मुलगा किंवा सून घेते, आणि भांडी असतात सासूबाईंच्या किंवा आजींच्या रुखवतातली. तुला फोन करणारी व्यक्ती आणि जिची भांडी आहेत ती व्यक्ती निराळी असते, हे नेहमी ध्यानात ठेव. मी त्या आजींना बाहेर बोलावल्याशिवाय सौदा करत नाही. पुष्कळ भांड्यांवर नाव घातलेले असते: माहेरच्या मामाचे, काकूचे, कधी लग्नाची तिथीही. आजी ते अक्षर वाचून दाखवतात, कोणी कधी दिले ते सांगतात, आणि कित्येकदा शेवटी एखादा तांब्या किंवा वाटी स्वतःकडे ठेवतात. ती त्यांना खुशाल ठेवू द्यावी. ज्या घरात आजी गप्प बसल्या आहेत आणि बाकीचे घाई करत आहेत, तेथून मी काही न घेता परत येते. कोरलेले नाव मी घासून काढत नाही. घेणाऱ्याला ते फोटोत स्पष्ट दाखवते, आणि माझा अनुभव असा की नाव घातलेले भांडे आवडीने घेणारी माणसे आहेत. देवाचे टाक आणि पूजेतल्या मूर्ती मात्र मी विकायला घेत नाही, मग देणाऱ्याची कितीही इच्छा असो.

भांडे पारखायला तुला वेळ लागणार नाही. आधी चुंबक लावून पाहा. चुंबक चिकटले, तर पितळेचा फक्त मुलामा आहे असे समज. मग बूड पालथे करून पोचे, भेग आणि झाळ दिलेल्या जागा तपास, आत पाणी भरून थोडा वेळ ठेव, आणि कड वाजवून आवाज ऐक. काशाचे चांगले भांडे दीर्घ वाजते, भेगाळलेले बद्द आवाज करते. स्वयंपाकासाठी भांडे विकायचे असेल, तर आतली कल्हई कशी आहे हे सांगणे हे तुझे कर्तव्य आहे. चिंच, कोकम, ताक यांसारखे आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेला लागले की धातू अन्नात उतरतो. कथील आणि नवसागर घेऊन दारावर येणारे कल्हईवाले आता क्वचित दिसतात, तेव्हा जळगावात एखादा चांगला कारागीर आधीच शोधून ठेव. चकाकी आणण्यासाठी ॲसिड मुळीच वापरू नकोस. चिंच आणि मीठ पुरेसे आहे, आणि काही ग्राहकांना तर जुना काळसर रंगच हवा असतो. घासावे की नाही हे त्यांना विचारून ठरव.

लाकडी सामान मी मोजकेच घेते. नदीकाठच्या घरातले कपाट किंवा दिवाण असेल, तर मी पाय आणि पाठीमागची फळी नीट पाहते. गोदावरीच्या २०१६ आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत पाणी आले होते. तेव्हा भिजलेले लाकूड वरून पॉलिश केले तरी सांध्यांत सुटते. चांगले सागवानी सामान बहुधा देवळालीकडून मिळते, कारण तेथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे लष्करी कुटुंबांच्या बदल्या सतत होत असतात आणि जाताना ती जड सामान विकून जातात.

देवळालीचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरीची गोष्ट येथेच लिहिते. ऑनलाइन विक्रीतली नेहमीची फसवणूक लष्कराच्याच नावावर होते. "मी सैन्यात आहे, माझी बदली झाली आहे, वस्तू न पाहताच घेतो, माझा माणूस गाडी घेऊन येईल," असे सांगणारा फोन येतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवला जातो, आणि मग "पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा" असा आग्रह सुरू होतो. देवळालीमुळे नाशिककरांना सैनिकांविषयी जो आदर आहे, त्याचाच हे लोक गैरफायदा घेतात, आणि त्याचा मला मनस्वी संताप येतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तो फक्त पैसे देण्यासाठी असतो. हे वाक्य कागदावर लिहून फोनजवळ चिकटवून ठेव. व्यक्ती-व्यक्तींमधील पैसे मागण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली असली, तरी खोटे क्यूआर कोड आणि पैसे भरल्याचे बनावट स्क्रीनशॉट चालूच आहेत. खात्यात रक्कम जमा झाल्याचे स्वतःच्या ॲपमध्ये दिसल्याखेरीज वस्तू हातातून सोडू नकोस, आणि काही अघटित घडलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदव.

मोबाइल फोनच्या वाटेला तू सध्या जाऊ नकोस. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कधी घ्यावाच लागला, तर फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढ, केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून पुढे तो क्रमांक घाल आणि १४४२२ वर संदेश पाठव. तो काळ्या यादीत असेल, तर कळते. शिवाय मूळ बिल आणि देणाऱ्याचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. घड्याळांचे निराळेच आहे. एचएमटीची मनगटी घड्याळे मला स्वतःला अतिशय प्रिय आहेत, आणि २०१६ मध्ये ती कंपनी बंद करण्याचा निर्णय झाल्यापासून त्यांना मागणीही आहे; पण तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे आणि पेटी दुसऱ्याची, असे जोडकाम बाजारात पुष्कळ फिरते. घड्याळजीकडून उघडून पाहून घ्यावे आणि जे बदललेले असेल ते वर्णनात लिहावे.

वर्णनाविषयी माझा नियम एवढाच आहे की पहिला फोटो वस्तूचा आणि दुसरा तिच्या दोषाचा. पोचा असेल, तर त्याच्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. वजन, उंची, तोंडाचा व्यास आणि पाणी किती लिटर मावते हे लिहावे, आणि प्रकाश खिडकीचा असावा, दिव्याचा नको, कारण दिव्याखाली तांबे आणि पितळ यांच्या रंगांतला फरक कळत नाही. जाहिरात मी ओएलएक्सवर आणि फेसबुकच्या मार्केटप्लेसवर देते. परंतु नेहमीच्या ग्राहकांची व्हॉट्सॲपवरची यादी मला या दोहोंपेक्षा अधिक उपयोगी पडली आहे. पितृपक्षात चौकशी थांबते आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माल एकदम येतो, तेव्हा त्या दिवसांसाठी थोडी रक्कम बाजूला असू दे.

"शंभर वर्षांपूर्वीचा हंडा" असे आकर्षक शब्द मात्र लिहू नकोस. एक तर ते सिद्ध करता येत नाही. आणि दुसरे असे की १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू, मूर्ती किंवा नाणे हे पुरावशेष ठरते, हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे, आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. वाड्यांच्या भिंतींवर हरणाची शिंगे असतात, तीही कोणी देऊ केली, तर हात लावू नकोस. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची विक्री निषिद्ध आहे.

पार्सलचा खर्च हा या व्यवसायातला मोठा खर्च आहे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० ने भागायचे. म्हणजे चार किलोची घागर तिन्ही बाजूंनी ४० सेंटिमीटरच्या खोक्यात बसवली, तर पैसे १२.८ किलोचे पडतात. यावर उपाय म्हणजे त्याच ग्राहकाला एकात एक बसणारी भांडी सुचवणे, घागरीच्या पोकळीत वाट्या आणि फुलपात्री जुन्या साडीत गुंडाळून भरणे. पोकळी भरलेली असली की वाटेत पोचाही येत नाही.

कराचे थोडक्यात लिहिते. फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परंतु करपात्र वस्तू राज्याबाहेर विकल्यास ही सवलत मिळत नाही. बऱ्हाणपूर तुला नाशिकपेक्षा जवळ असले तरी ते मध्य प्रदेशात आहे, हे लक्षात असू दे. पुढे नोंदणी केलीस, तर जुन्या वस्तूंसाठी जीएसटीच्या नियम ३२ मध्ये अशी तरतूद आहे की खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसेल, तर कर फक्त खरेदी-विक्रीतील फरकावर लागतो: १,२०० रुपयांना घेतलेली परात १,८०० ला गेली, तर ६०० वर. त्यासाठी प्रत्येक खरेदीची नोंद हवी. तारीख, देणाऱ्याचे नाव, वस्तू, वजन, रक्कम आणि सही एवढे असलेली वही पहिल्या दिवसापासून ठेव.

आणि घरातली एकच खोली यासाठी राखून ठेव. ती भरली की खरेदी थांबवायची, आणि वर्षभर न हललेले भांडे मोडीच्या दराने भांडी बाजारात देऊन रक्कम मोकळी करायची. मला ते देताना वाईट वाटते, तरी देते, कारण अडकलेल्या पैशांमुळे पुढच्या घरी योग्य भाव देता येत नाही.

संक्रांतीनंतर चार दिवस सवड काढून माझ्याकडे ये. येण्याआधी तुझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांतली भांडी पाहून त्यांची वजने आणि फोटो मला पाठव. मी माझा अंदाज कळवते, तू तुझा वेगळा लिहून ठेव, आणि मग आपण दोघी भांडी बाजारात जाऊन दोन्ही अंदाज ताडून पाहू. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
वासंती