बुवांची लय ग्रिडला बांधू नको

घटस्थापनेचा दुसरा दिवस, रात्री ११

प्रिय बंड्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन आला तर 'शेतात आहे, मग करतो' म्हणून ठेवून दिला. तुझा राग रास्त आहे. दिवाळीत येशील तेव्हा काढ, आधी हे ऐक. बुवांचा आवाज सापडला. त्या पावसाच्या रात्रीचा, तुझ्या रेकॉर्डरवरचा. खंजिरीवर बोटं टेकवून सुरुवातीला ते 'हं' म्हणत ना, तो 'हं'सुद्धा आहे. हे दुसऱ्या कोणाला सांगून कळलं असतं का बे?

घरचे ठीक. आईचा गुडघा तसाच. सोयाबीन सोंगून झालं, थ्रेशरची वाट पाहणं चालू आहे.

आता काळजीचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, ४.५८ चं मौन झालं की गावात हेच भजन लावायचं असं मंडळानं ठरवलंय. म्हणजे कोजागिरीपर्यंत तुझा मिक्स, सगळे आवाज तोलून एकत्र केलेली फाईल, हातात पाहिजे. पोट्ट्यांनी हौसेनं कामाला हातही घातला, आणि तिथंच माझी झोप गेली. त्यांनी बुवांची फाईल ४८,०००च्या (सेकंदाला इतके नमुने, तोच रेट) प्रोजेक्टमध्ये आणली. तुझा रेकॉर्डर ४४,१००चा. सॉफ्टवेअरनं विचारलं, रेट बदलून घेऊ का, तर 'नाही' दाबलं. ६ मिनिटं १० सेकंदांचं भजन ५ मिनिटं ४० सेकंदांत संपलं आणि काळी एकचा आवाज पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमधे जाऊन बसला. पेटीवर ती पट्टीच नाही. मग पोट्ट्यांनी पिच खाली ओढला, वर कीबोर्डचा १०० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचा, फिरता ताल (लूप) लावला आणि बुवांची खंजिरी कापून कापून त्या लूपवर चिकटवली. बुवा गाताहेत की कोणी घड्याळाला चावी देतंय, कळेना.

(हो, ४४.१ की ४८ हे आपलं जुनं भांडण. तू म्हणत होतास सीडीला ४४.१ लागतं, मी म्हणत होतो व्हिडिओला ४८. आजही मी ४८लाच आहे. पण मूळ फाईल मी ४४.१ म्हणूनच जपली आणि रेट नीट बदलून आणली. एवढा मान तुला.)

मी सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून बसवलं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रोजेक्ट सेटिंगला जाऊन ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम' केला. तो मुळात 'बीट्स'वर असतो, आणि तसाच राहिला तर टेम्पोची एकेक खूण टाकली की ऑडिओही ताणला जातो. आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो. ते झाल्यावर खंजिरीची लाट मोठी करून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर टेम्पोची खूण टाकली. पहिलं आवर्तन २.६ सेकंदांचं, म्हणजे चार ठोक्यांच्या बारनं ९२. शेवटचं २.०३ सेकंदांचं, म्हणजे ११८. ही चढण चूक नाही बाप्पा, तेच भजन आहे. दुसऱ्या कडव्यानंतर कोरस उचलतो तिथं बुवा पाऊण ठोका थांबतात आणि मग झांज सोडतात. तिथं ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघांची जाळी, वाकडी दिसेल. दिसू दे. कीबोर्डचं स्ट्रिंग्ज आणि तंबोरा त्या वाकड्या ग्रिडवर चालतात, बुवा ग्रिडवर चालत नाहीत. तू सगळं ग्रिडवर ओढणारं क्वांटाइझचं बटण दाबलंस तर यापुढे तुझ्या घरी चहा घेणार नाही.

एक गोष्ट आपल्या दोन रेकॉर्डरांची. दोघांची घड्याळं वेगळी, म्हणून सुरुवात तंतोतंत जुळवली तरी सहाव्या मिनिटाला झांज दुहेरी ऐकू येते. मी ताणलं नाही. तीन ठिकाणी, कोरस श्वास घेतो तिथं, कापून काही मिलिसेकंद सरकवलं आणि बारीक क्रॉसफेड दिला, एक तुकडा विरतो तोवर दुसरा वर येतो.

आता तुझ्याकडे काय येतंय ते नीट वाच, नाहीतर मागच्यासारखं रात्री दोनला फोन करशील. ११ ट्रॅक. मोनो नऊ: बुवा, खंजिरी, पेटी, तबला, डग्गा, झांज, कोरसचे तीन माइक. स्टिरिओ दोन: तंबोरा आणि स्ट्रिंग्ज. फायली काढायच्या, म्हणजे रेंडरच्या, खिडकीत सोर्सला 'सिलेक्टेड ट्रॅक्स, स्टेम्स' ठेवलं, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाईल. त्यात मास्टरवरचे इफेक्ट येत नाहीत, म्हणून तेच हवं. बाउंड्सला 'एन्टायर प्रोजेक्ट', म्हणजे प्रत्येक फाईल शून्यापासून सुरू होते, मग कोरस चौथ्या मिनिटाला का येईना. तू सगळ्या फायली उचलून शून्यावर ठेव, जुळवायचं काही राहत नाही. ४८,०००, २४ बिट, वेव्ह. नॉर्मलाइझ बंद, नाहीतर झांज आणि बुवा एकाच उंचीचे होतात आणि माझा तोल जातो. शिखर उणे ६ डीबीच्या वर कुठंच नाही. डिदर, म्हणजे बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर, दिलेला नाही. १६ बिट करशील तेव्हा शेवटी एकदाच दे. मागे ८ सेकंदांची शेपूट ठेवली आहे.

पुढं मात्र पहिल्या समेच्या आधी दोन बार रिकामे दिसतील. ते छाटू नको. 'हं' तिथंच आहे. हेडफोन लावून ऐक: श्वास आत जातो, तळहात कातड्यावर टेकतो, चकत्यांची एक बारीक किणकिण, मग 'हं'. बारीक आवाज बंद करणारं नॉइज गेट लावलास तर हेच सगळ्यात आधी मरेल. हवं तर पावसाचा आवाज राहू दे.

प्रत्येक फाईल ६ मिनिटं २३ सेकंदांची आहे. उतरवून घेतल्यावर आधी हा आकडा पाहा. जास्त दिसला की समज, रेटचा घोळ झाला. सगळं मिळून साधारण ७२० एमबी होतं, म्हणून झिप ड्राइव्हवर टाकतो. नावं रोमन अक्षरांत दिली आहेत, देवनागरी नावांच्या कधी कधी झिपमधून चौकटी निघतात. एमपी३ मागू नको. सुरुवातीला काही मिलिसेकंदांची पोकळी घालतं ते, आणि जुळवणीच बिघडते. सोबत मिडी फाईल आहे, तिच्यात टेम्पोचा नकाशा आहे. ती आधी आण, मग वेव्ह. तंबोऱ्याचं प्लगिन तुझ्याकडे नसेल, म्हणून त्याचा ऑडिओही काढलाय.

तपासलंही आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये अकराही फायली शून्यावर ठेवल्या, त्याच पातळीवरचा माझा पूर्ण मिक्स शेजारी ठेवून त्याची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे लाट वरची खाली; दोन्ही सारखे असले की एकमेकांना पुसतात. शांतता झाली. फक्त तंबोरा थोडा पाझरतो, कारण त्याच्या कोरस इफेक्टचं (गाणारा कोरस नव्हे) हलणं दर वेळी वेगळं असतं. पहिल्या रेंडरला खंजिरीत एक 'टक्' आला होता, तेव्हा भरभर निघणारं ऑफलाइन सोडून एकपट वेगानं काढला. त्यात लाईन दोनदा गेली, इन्व्हर्टरवर निभावलं.

मिक्स भोंग्यावर वाजणार आहे हे ध्यानात ठेव. भोंगा मोनो असतो आणि ३०० हर्ट्झच्या खाली फारसं देत नाही. म्हणून डग्ग्याचा घुमारा वाढवून उपयोग नाही, बोटाचा आवाज पुढं आण. कोरसचे तीन माइक मोनोत एकत्र ऐक. एकमेकांना खात असतील तर मधलाच ठेव. मंडळासाठी शेवटी ३२०चं एमपी३ दे, ॲम्प्लिफायरचा यूएसबी २४ बिट वेव्ह वाचत नाही. तुझ्याजवळ मात्र वेव्हच ठेव.

पोट्ट्यांवर रागावलो नाही. त्यातला धाकटा रोज येऊन शेजारी बसतो, समा शोधायला शिकतोय. कान चांगला आहे त्याचा.

तुझी नवी नोकरी कशी? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग. आणि तो सुतळी बांधलेला हेडफोन आता तरी फेक, उजवीकडून ऐकू येत नाही त्यात, बुवा डावीकडे बसवून ठेवशील.

तुझा,
गुड्डू

ता. क. बुवांच्या ट्रॅकवर ३ मिनिटं ४० सेकंदांपाशी मागून कोणीतरी 'वा' म्हणतं. तो तू आहेस. काढू नको.