एमी करणाऱ्या लेकीला

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

तुमच्या ‘अ डॉल्स हाउस, पार्ट टू’ची संहिता वाचली. नोराची भूमिका दुसरीला गेली आणि तुझ्या वाट्याला तिची मुलगी एमी आली म्हणून तू खट्टू झाली आहेस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधली नोरा १८७९ मध्ये नवऱ्याला आणि मुलांना सोडून दार लावून गेली आणि नाटक तिथेच संपलं. जर्मनीत नोरा करणाऱ्या नटीने ‘मी माझ्या मुलांना सोडून जाणार नाही’ म्हणत तो शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने बदललेला शेवट लिहून दिला आणि स्वतःच त्याला रानटी अत्याचार म्हटलं. आपल्याकडे अनंत काणेकरांनी हे नाटक ‘घरकुल’ म्हणून आणलं.

लुकस नेथने २०१७ मध्ये या पुढच्या भागात त्याच दारावर टकटक केली. पंधरा वर्षांनी नोरा येते, पण पश्चात्ताप वगैरे काही नाही. तिला घटस्फोट हवाय. टोपणनावाने लिहून नाव-पैसा कमावलेली ही बाई, पण नवऱ्याने, टोरवाल्डने, घटस्फोटाचे कागद दाखलच केले नाहीत, म्हणून कायद्याने अजून त्याची बायकोच. त्यामुळे तिने स्वतःच्या सहीने केलेले करार अंगाशी येणार. (नॉर्वेत १८८८ च्या कायद्याने विवाहित बाई सज्ञान ठरली होती, तेव्हा वर्षांचा हिशेब फार काटेकोर धरू नकोस. कोर्टात कारकुनी करण्यात जन्म गेला, मला असलं टोचतंच.)

आता तुझी एमी. तिला आई आठवतही नाही. ठरलेलं लग्न मोडू नये, एवढंच तिला हवंय. बाबांनी लोकांना आई वारली असं वाटू दिलं, मग घटस्फोट कशाला, मृत्यूचा दाखलाच खोटा करू, असं ती शांतपणे सुचवते. मूळ नाटकात नवऱ्याचा जीव वाचवायला नोराने वडिलांची खोटी सही केली होती, सगळं पेटलं ते त्यावरूनच. जिने वाढवलंच नाही त्या आईचं मुलीने नेमकं हेच उचलावं! लोक हसतील, हसू दे. पण तिला बावळट करू नकोस. वीस-तीस वर्षांत लग्न ही भानगडच उरणार नाही, असं नोरा छातीठोक सांगते. आजचा प्रेक्षक तिथे हसतो, आणि एमी त्या हसणाऱ्यांच्या बाजूची आहे. तिच्या आवाजात राग आणलास तर प्रसंग स्वस्त होईल. पाहुण्या बाईशी बोलावं तशी बोल.

मी मात्र अडकले ती अ‍ॅन मारीपाशी, नोराला सांभाळणाऱ्या दाईपाशी. इब्सेनकडे तिला चार-दोन वाक्यंच. नोरा विचारते, स्वतःचं मूल परक्यांकडे द्यायला तुझं मन कसं झालं? ती म्हणते, तुला सांभाळायचं काम मिळत होतं ना. लेकीची तिला दोनदा पत्रं आली, एकदा धर्मदीक्षेच्या वेळी, एकदा लग्नाच्या. पुढे नोराची मुलंही तिनेच वाढवली. नेथने तिला बोलायला तोंड दिलं, तेही शिव्यांसकट, आणि ती नोरासमोर हिशेब मांडते तेव्हा नोराची सगळी भाषणं लंगडी पडतात. नोरा बरोबरच आहे, मी तिच्याच बाजूची. पण ती जाऊ शकली, कारण ही राहिली.

माझी परभणीला बदली झाली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मावशींनी तुला सांभाळलं म्हणून माझी नोकरी टिकली. त्यांचा मुलगा तेव्हा गावी आजीकडे होता. तुला हे माहीत नसावं.

अ‍ॅन मारी कोण करतंय? कॉलेजातल्या पोरीला पांढरा विग चढवून उभी करू नका म्हणावं. प्रयोगाला मावशींना घेऊन येते. इंग्रजी त्यांना कळणार नाही, गोष्ट मी आधी सांगून ठेवीन. तिकिटं पुढच्या रांगेतली ठेव, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी,
आई