महाविद्यालयाच्या ई-स्पोर्ट्स संघासाठी पाच संगणक हवेत

सप्रेम नमस्कार,

आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघातर्फे हे पत्र. इचलकरंजीत राहिलेल्यांसाठी, आणि नोकरीधंद्यासाठी गाव सोडून गेलेल्यांसाठीही. टायपिंगचा वर्ग भरायचा त्या खोलीत गेली दोन वर्षं आम्ही मुलांचा ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे संगणकावर स्पर्धा म्हणून खेळायच्या खेळांचा, संघ तयार करतो आहोत. खेळ आहे व्हॅलोरंट : संगणकावरचा बंदुकांचा, पाच विरुद्ध पाच असा. आमच्याकडे चालू स्थितीत तीनच संगणक आहेत. चौथा खेळाडू स्वतःचा लॅपटॉप आणतो आणि पाचवा चौकातल्या गेमिंग कॅफेत तासाचे पैसे भरून बसतो.

पाचही जण एकाच खोलीत का हवेत, ते मागच्या पावसाळ्यातल्या एका सामन्यावरून सांगतो. जो संघ आधी तेरा फेऱ्या जिंकतो, त्याचा सामना. आपण ११–१२ असे मागे होतो. प्रतिस्पर्ध्यांनी स्पाइक, म्हणजे खेळातला बॉम्ब, लावला होता. तो पंचेचाळीस सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला सात सेकंद लागतात. आपले दोघं शिल्लक होते. एक जण निकामी करायला बसला, दुसऱ्यानं त्याची पाठ राखायची होती. चार सेकंद झाले आणि डावीकडून आलेल्या गोळीनं बसलेला गेला. सामना संपला. हेडफोन आपटले गेले, एकमेकांवर आवाज चढले.

प्रशिक्षकांनी सगळ्यांना पाणी प्यायला लावलं आणि रेकॉर्डिंग भिंतीवर लावलं. डावीकडून येणारी पावलं स्वच्छ ऐकू येत होती. पाठ राखणाऱ्या मुलाला विचारलं, "तुला ऐकू आली होती?" तो म्हणाला, "हो." "मग बोलला का नाहीस?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सर, चुकीचं निघालं असतं तर?"

हा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. वर्गात हजेरीपलीकडे त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून खोलीत नियम झाला : चुकीचा कॉल दिला, म्हणजे ओरडून दिलेली सूचना चुकली, तर कुणी बोलायचं नाही, दिसलेलं सांगितलं नाही तर मात्र विचारायचं. आणि हरल्यावर प्रत्येकानं आधी स्वतःची चूक सांगायची, मग दुसऱ्याची. आज फेरीआधीच्या तीस सेकंदांत कुणी कुठली बंदूक घ्यायची, खेळातले पैसे कधी राखायचे, हे तोच ठरवतो आणि बाकीचे चौघं ऐकतात. नेमबाजी यूट्यूबवर बघूनही सुधारते. हे बोलणं शिकवायला शेजारी माणूस लागतो, म्हणून आमचा सगळा भर प्रशिक्षणावर आहे.

पालक विचारतात, हा जुगार तर नाही ना? प्रश्न रास्त आहे, गावात पैसे बुडालेली घरं आहेत. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्रानं हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला होता. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स हा प्रदर्शनीय प्रकार होता, तेव्हा गुजरातच्या तीर्थ मेहतानं हर्थस्टोन या पत्त्यांच्या संगणकीय खेळात कांस्य मिळवलं. पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत त्यासाठी अधिकृत पदकं होती. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठानं तर २०१४ मध्येच लीग ऑफ लेजंड्स या संगणकावरच्या खेळाच्या खेळाडूंना शिष्यवृत्ती दिली. आपल्या मुलांना त्यातून नोकरी लागेल असं आम्ही सांगत नाही. फार थोड्यांनाच लागते.

सराव आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसात. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की संघातून बाहेर, मग तो कितीही चांगला खेळो. सुरुवातीला मनगटं आणि पाठ मोकळी करायचा व्यायाम.

संघात दोन मुली आहेत. घरून अनोळखी लोकांबरोबर खेळताना माइक सुरू केला की शिव्या ऐकाव्या लागतात, म्हणून त्या माइक बंदच ठेवायच्या. इथे त्या मोकळेपणी ओरडून कॉल देतात. त्यांना सातच्या आत घरी पोहोचायचं असतं. दुपारची वेळ सांभाळू शकेल अशी एखादी माजी विद्यार्थिनी मिळाली, तर आणखी मुली यायला तयार आहेत. पैशाइतकीच ही गरज आहे.

मॉनिटरसह एका संगणकाला साठ हजार धरले आहेत, पाचांचे तीन लाख. यूपीएस आणि वायरिंगसाठी चाळीस हजार. वाय-फायवर खेळ अडकतो, त्यामुळे इंटरनेटची केबल प्रत्येक टेबलापर्यंत न्यावी लागेल. एकूण तीन लाख चाळीस हजारांपैकी पंच्याऐंशी हजार आम्ही सभासदांनी आपसात जमवले आहेत. पाचशे रुपयेही चालतील. कुणी वर्गमित्रांनी मिळून एक संगणक दिला तर फारच छान. वापरलेला संगणक देणार असाल तर विंडोज ११ चालणारा आणि टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) असलेला द्या, विंडोज ११ वर त्याशिवाय हा खेळ सुरूच होत नाही. चांगल्या खुर्च्या, हेडफोन, वायरमनचा एक दिवस, हेही हवं आहे.

रक्कम महाविद्यालयाच्या कार्यालयात धनादेशानं किंवा रोख द्यावी आणि पावती घ्यावी. जमाखर्च दर महिन्याच्या एक तारखेला सूचनाफलकावर लागेल. शनिवारी सराव असतो. पाचनंतर कधीही या, चपला बाहेर काढून मागच्या बाकावर बसा आणि मुलांचं बोलणं ऐका.

आपले,
माजी विद्यार्थी संघ, इचलकरंजी