जीपच्या क्लचबद्दल, बंड्याला

मुलुंड, मुंबई

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. माझ्या जीपचा वायरवर चालणारा क्लच मी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा करून घेतला, तो कसा ते तू विचारलंस. फोनवर "लिहून कळवतो" म्हणालो, ती टाळाटाळ नव्हती. मापं तोंडी सांगितली की तू निम्मी विसरतोस आणि उरलेली निम्मी तुझ्या मिस्त्रीला उलटी सांगतोस. हे पत्र सरळ त्याच्याच हातात दे.

आधी त्याचंच एक म्हणणं खोडून काढतो. हायड्रॉलिक केलं की क्लच लोण्यासारखा होईल, असं तो म्हणाला ना? तसं काही ठरलेलं नाही. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा त्याच राहणार, त्या दाबायचं काम तुझ्या डाव्या पायालाच करायचंय. सांध्यासांध्यांत घासून वाया जाणारा जोर तेवढा वाचतो. त्याहून हलकं पेडल हवं असेल तर पाय तेवढा लांबवर दाबावा लागतो. फुकट काही मिळत नाही.

मग मी हा उद्योग का केला? इंजिनाची हालचाल पायापर्यंत पोचू नये म्हणून. आपल्या दोघांच्या सीजे-३बी मॉडेलच्या जीपमध्ये मूळ रचना कशी आहे ते एकदा खाली झोपून बघ. पेडलच्या शाफ्टवरून एक रॉड निघतो तो आडव्या नळीला. त्या नळीचं एक टोक चासीवर टेकलेलं, दुसरं गिअरबॉक्सच्या बाजूला, आणि तिथून वायर फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, ओढते. चासी जागची हलत नाही, इंजिन-गिअरबॉक्स मात्र रबरी माउंटिंगवर डुलतं. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) चढाला लावलीस, क्लच हळूहळू सोडायला लागलास, की इंजिनाला पीळ बसतो. ते कलतं, नळीचं एक टोक सोबत जातं, आणि तुझा पाय जागचा न हलताही वायर ताणते किंवा सैल पडते. क्लच धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. अख्खी जीप थाडथाड उडते आणि मागे बसलेले तुझ्या चालवण्याला नावं ठेवतात.

हे फक्त डोंगरातलं दुखणं नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी हाफ क्लचवर इंच इंच सरकताना तेच होतं, फक्त बारीक प्रमाणात.

हायड्रॉलिकमध्ये चासी आणि इंजिन यांच्यामध्ये राहतो एक लवचीक होज. इंजिन कितीही डुलो, होजमधलं तेल तेवढंच. सगळी करामत एवढीच आहे. म्हणून एक गोष्ट मिस्त्रीला दोनदा सांग: स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने फोर्क ढकलणारा) बेल हाउसिंगवरच, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या क्लचच्या घरावरच, बसला पाहिजे. सोयीचं पडतं म्हणून तो चासीला वेल्ड केलास तर खर्च करून जुनंच दुखणं परत विकत घेतलंस.

पण आधी जुनी लिंकेज नीट तपासून घे. एकाला पेडल दाबायला बसव आणि तू खालून बघ. नळीची दोन्ही टोकं झिजून अंडाकृती झाली असतील, वायरचे पदर सुटले असतील किंवा माउंटिंगचं रबर फाटलं असेल, तर तेवढंच बदलून थाडथाड बरीच थांबेल. आणि क्लच प्लेटवर इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल येत असेल, तर हायड्रॉलिक काय आणि वायर काय, दोन्ही सारखीच.

तरीही करायचंच म्हणालास तर पेडलं जमिनीतलीच ठेव. टांगती पेडलं बसवायला फायरवॉल कापावी लागते आणि जीपचा चेहरा आतून बदलतो, ते मला पटत नाही. अमेरिकेत १९६८ साली बंद पडलेली ही गाडी आपल्याकडे पुढे किती वर्षं बनत राहिली! तिचं उंच बॉनेट एफ-हेड नावाचं उंच इंजिन मावावं म्हणून आहे हे मूठभर लोकांना माहीत असतं, पण त्या बॉनेटवरूनच ती ओळखतात सगळे. आतला चेहराही तसाच राहू दे. पेडलच्या शाफ्टला खालच्या अंगाला आखूड लिव्हर लाव. पेडल पुढे गेलं की लिव्हर मागे जातो, म्हणून मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरावर तेल ढकलणारा) त्याच्या मागे, चासीवर येईल. तेलाची डबी मात्र वर फायरवॉलवर घे आणि खाली ब्रेक ऑइलला चालणारा रबरी पाइप आण. फरशीखाली चिखलात झाकण उघडायचं म्हणजे तेलात माती घालायचं आमंत्रण.

आता हिशोब. समज, पेडल १५ सेंटिमीटर जातं आणि लिव्हरचं प्रमाण सहाला एक आहे, म्हणजे पेडलची भुजा लिव्हरच्या सहापट. मास्टरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकला. मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच आणि स्लेव्हचा सात अष्टमांश इंच घेतलास तर क्षेत्रफळांचं प्रमाण १.३६ येतं, म्हणजे स्लेव्ह साधारण १८ मिलिमीटर ढकलेल. पुशरॉडच्या (पिस्टनला ढकलणाऱ्या दांडीच्या) फटीत थोडं जाईल ते वेगळं. दोन्ही बोअर सारखे घेतलेस तर ढकल जास्त मिळेल, पण पेडल जड लागेल. म्हणून जुनी वायर काढण्याआधीच फोर्कचं टोक किती सरकतं ते पट्टीने मोजून ठेव. ते माप नसताना सिलिंडर घ्यायला गेलास तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला देईल.

फोर्कचं आणखी एक. वायर ओढत होती, स्लेव्ह ढकलतो. दिशा तीच राहायला हवी, त्यामुळे स्लेव्ह फोर्कच्या दुसऱ्या अंगाला येतो. ब्रॅकेटची पट्टी जाड घे. पातळ पट्टी वाकते आणि तुझी निम्मी ढकल ती वाकण्यातच जाते. फोर्कची परतीची स्प्रिंग काढू नकोस, कारण फोर्क ज्याला पुढे ढकलतो ते जुन्या पद्धतीचं रिलीज बेअरिंग सतत टेकून फिरण्यासाठी केलेलं नाही. मास्टरच्या पुशरॉडलाही पेडल सोडल्यावर मिलिमीटरभर फट हवीच. नाहीतर तेल डबीत परत जायचं भोक झाकलेलं राहतं, तेल तापून फुगतं आणि पाय वर असताना क्लच घसरायला लागतो. आणि पेडलखाली एक स्टॉपर वेल्ड कर. नाहीतर पेडल गरजेपेक्षा खोल जाऊन स्लेव्हचा पिस्टन बाहेर पडायची भीती असते.

सामान मी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांतून घेतलं. फिटिंग आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटला. कुर्ल्याला जुने सिलिंडर स्वस्त मिळतात, पण बोअरवर गंजाचा एक खड्डा असला तरी सील टिकत नाही. तिथे काटकसर नको.

तेलात अडकलेली एअर काढताना स्लेव्हचं निपल (हवा सोडायची तोटी) सगळ्यात वरच्या बाजूला आहे ना, ते बघ. हवा वर जाते, निपल खाली असेल तर रात्रभर पंप करत बसाल.

तोटा? आहे. वायर तुटली तर घाटात तार बांधून घरी येता येतं. सील फाटला तर तेल गेलं आणि क्लचही गेला. मग इंजिन बंद करून, लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून स्टार्टरवरच गाडी उचलायची. माळशेजला जाताना मी आता सील किट आणि तेलाची बाटली बरोबर ठेवतो. यात घालायचं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग सोलून काढतं ते.

एवढं करून माझं पेडल पूर्वीपेक्षा किंचितच हलकं आहे. पण चढावर पाय जिथे ठेवतो तिथेच क्लच धरतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

तू फोर्कचं माप आणि पेडलच्या दोन्ही भुजांची लांबी कळव, म्हणजे दिवाळीत येताना सिलिंडर घेऊनच येतो. काकूंना नमस्कार सांग. वहिनींना सांग की जीप आठवडाभर अंगणात उघडी पडून राहील आणि त्याला मी जबाबदार नाही.

तुझा,
अण्णा

ता. क. सिलिंडरचे सील रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ देऊ नकोस, रबर फुगतं. तुझा मिस्त्री नको म्हटलं तरी धुणार, म्हणून ताज्या ब्रेक ऑइलची बाटली आधीच त्याच्यापुढे ठेव.