फाइल मिटवायला लावणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

समुपदेशनासाठी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा मांडीवर जाडजूड फाइल होती. घटस्फोटित नवऱ्याचे दीड वर्षातले सगळे मेसेज छापलेले, पिवळ्या खुणा केलेले. तुम्ही ते वाचावेत आणि म्हणावं, 'हो, हा माणूस नार्सिसिस्टच आहे', म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेला, एवढंच मला हवं होतं.

तुम्ही म्हणाला नाहीत. रागच आला होता मला. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार १९८० पासून मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आहे, नऊ निकषांपैकी किमान पाच जुळावे लागतात, आणि माणसाला न तपासता, घटस्फोटित बायकोच्या फाइलवरून ते ठरत नाही, हे सगळं शांतपणे सांगितलंत. मग विचारलंत, "समजा झालं निदान. शुक्रवारी मुलीला न्यायला कोण येणार?"

तोच येणार होता.

त्याआधी एक गोष्ट मात्र तुम्ही फार बारकाईने विचारली होती: त्याने कधी हात उचलला का, मुलीला त्याच्याकडे भीती वाटते का. तसं असतं तर वाट वेगळी, असंही बजावलंत. तो प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. घरच्यांचं आपलं एकच, 'मुलीसाठी जमवून घ्या दोघं.'

जमवून घेण्याचा तो नाद तुम्ही सोडवलात. सहपालकत्वाला बोलू शकणारी दोन माणसं लागतात. आमचं चालेल ते समांतर पालकत्व. त्याच्या घरी त्याचे नियम, माझ्या घरी माझे. शाळा, तब्येत आणि वेळापत्रक यापलीकडे बोलणं नाही, आणि तेही लेखी. शुक्रवारी शाळेत मी सोडायचं, घ्यायला त्याने जायचं, सोमवारी उलट. फाटकाजवळचा तमाशा असा संपला. तिकडे ती रात्री अकरापर्यंत जागते हे अजूनही खुपतं, पण तो विषय आता माझा नाही.

आणि ती मेसेजची शिकवणी! 'आई म्हणवून घ्यायची लाज वाटते का? या वेळी शनिवारी सकाळी नेईन', असा त्याचा मेसेज होता. माझं उत्तर दोन पानी, पुराव्यांसकट. तुम्ही विचारलंत, "यात उत्तर देण्याजोगं काय आहे?" फक्त वेळ. मग बिल एडी या वकील-समुपदेशकाची रीत सांगितलीत: थोडक्यात, माहितीपुरतं, सौजन्याने, ठाम. उरलं ते एवढंच: 'निरोप मिळाला. शनिवारी दहाला ती तयार असेल. पुढच्या आठवड्यापासून ठरल्याप्रमाणे शुक्रवार.' लाजेबद्दल अक्षर नाही. पाठवताना बोटं थरथरत होती. आपण हरलो असंच वाटत होतं.

सगळ्यात अवघड धडा मुलीचा. "बाबा म्हणतात, तू घर मोडलंस," असं ती म्हणाली तेव्हा दहा वर्षांचा इतिहास माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला आणि तुम्ही सांगितलेलं विचारलं, "ऐकून तुला कसं वाटलं गं?" ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मला कुणाची बाजू घ्यायची ते कळत नाही." कुणाचीच घ्यायची नाहीये, हे मी तिला सांगितलं. तिच्या टेबलावर बाबाचा फोटो आहे. तो पुसताना मला अजून दात आवळावे लागतात, खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात घसरलेही. रात्री साडेबाराला सतरा ओळी लिहून पाठवल्याच. सकाळपर्यंत त्याच्या चाळीस आल्या होत्या.

फाइल अजून आहे, वकिलांना लागते म्हणून. पण आता तिच्यात तारीख, वेळ आणि काय घडलं एवढंच लिहिते. विशेषणं गाळायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची,
शुक्रवारवाली आई