फाळक्यांचा छापखाना का गाळता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नवउद्योजकांवर येणारे लेख मी आवडीने वाचतो. त्यात अधूनमधून दादासाहेब फाळके यांचा दाखला असतो, तो असा: १९१०-११च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला, डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहिला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ तयार. खेळ खलास! माझा सगळा जन्म ब्लॉकमेकिंगच्या, म्हणजे चित्रे छापायचे धातूचे ठसे करण्याच्या धंद्यात गेला, म्हणून मधली गाळलेली वर्षे मला खुपतात.

तो मूकपट पाहिला तेव्हा फाळके चाळिशीला टेकलेले होते. तोवर जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन झाले होते. गोध्र्यात फोटोचे दुकान काढले, प्लेगात पहिली बायको आणि मूल गेले. नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही केले आणि त्यासाठी आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ झाले. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी. स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली. आपल्याकडे अशा माणसाला मुलगी द्यायची म्हटले तर घरचे ‘धरसोड्या आहे’ म्हणून मोकळे होतात.

त्यानंतर आला छापखाना. लोणावळ्याजवळ रविवर्मा प्रेससाठी ब्लॉक करणे, मग दादरला भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स, आणि रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे पाहायला १९०९ मध्ये जर्मनीची वारी. ब्लॉक करायचा म्हणजे काय, हे आता संगणकावर वाढलेल्यांना सांगावे लागते. चित्राचा जाळीतून फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा आणि आम्लात सोडायचा. पत्रा क्षणभर जास्त राहिला की ठिपके खाल्ले जातात आणि चेहऱ्यावर पांढरे डाग पडतात. रंगीत कामात प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हलले की देवीचे ओठ हनुवटीवर! लेन्स, काळोखी खोली, रसायने आणि चिकाटी यांच्याशिवाय हे काम होत नाही. हा हात तयार होता म्हणूनच १९१२ साली लंडनला जाऊन हा माणूस थोडक्या दिवसांत फिल्मचे तंत्र समजून घेऊन, कॅमेरा विकत घेऊन परत येऊ शकला. नुसत्या झपाटलेपणावर हे झाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि रविवर्म्याच्या देवदेवतांची चित्रे घरोघरी पोचवणाऱ्या धंद्यात मुरलेल्या माणसाला पडद्यावर ख्रिस्त पाहून कृष्ण आठवला, यात नवल ते काय?

पैशाचेही तेच. भागीदारांशी बिनसले तेव्हा फाळके छापखान्यातून बाहेर पडले. विलायतेच्या खर्चासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. परत आल्यावर कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो, याची छोटी फिल्म त्यांनी थोडी थोडी करून घेतली आणि ती दाखवून कर्ज उभे केले. आजच्या भाषेत हाच त्यांचा ‘डेमो’. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गेले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कच्ची फिल्म तेव्हा बिनछिद्रांची येई, तिच्या कडांना अंधारात एकेक भोक पाडायचे काम बाई रात्री करत. दिवसा चित्रीकरणाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. पुरवणीतल्या लेखांत त्यांच्या वाट्याला ‘पत्नीची खंबीर साथ’ एवढे तीनच शब्द येतात. कारखान्यात असे काम करणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणतो आणि पगार देतो.

पुढचा भाग तर कोणी लिहीतच नाही. १९१८ साली नाशिकला भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, तिथेही भागीदारांशी खटके उडाले. फाळके थेट काशीला जाऊन राहिले, नाटक लिहिले, मग पुन्हा त्याच कंपनीत आले. हिशेबाच्या वहीशी त्यांचे कधी जमले नाही, असेच यावरून वाटते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या मुलाखतीत पाहुण्याला ‘कल्पना कशी सुचली’ याच्या जोडीला मधल्या वर्षांत पोटासाठी काय केले, पहिला भागीदार का गेला आणि घरातले कोण बिनपगारी राबले, हेही विचारावे. फोटो थोडा लहान छापलात तर जागा होईल.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर, नाशिक